रिबीन, पीस आणि रेशीम

रिबीन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दोन वेण्या येतात. तेल लावून घट्ट घातलेल्या, वर दुमडलेल्या आणि कानाशी फूल काढून बांधलेल्या. पण रिबिनींतही जाती असतात. साटीनची रिबीन दिसायला छान, पण गाठ मारली की मधल्या सुट्टीपर्यंत सुटलीच म्हणून समजा. दुसरी एक असते, ती फार चकाकत नाही. बोटाने चाचपली की आडवे बारीक कंगोरे लागतात. अंगाने जरा ताठ, पण बांधलेली गाठ सोडत नाही. चांगल्या स्वेटरच्या बटणपट्टीला आतून हीच लावतात, साहेबी हॅटच्या भोवती हीच असते, पदकं टांगायच्या फितीही बऱ्याचदा हिच्याच. तिचं नाव ग्रोग्रेन.

वीण म्हणाल तर अगदी साधी, एक धागा वर, एक खाली. फरक एवढाच की ताण्याचे उभे धागे बारीक आणि दाट असतात आणि बाण्याचा आडवा धागा जाड असतो. दाट ताणा त्या जाड बाण्याला पुरता झाकून टाकतो. झाकला तरी त्याचा उंचवटा लपत नाही, तो आडव्या रेघेसारखा वर उठतो. तेच हे कंगोरे. फ्रेंच भाषेत या नावाचा अर्थ ‘जाड दाणा’ असा होतो.

या नावाची एक गंमत आहे. जुन्या इंग्रजीत रेशीम, लोकर, अंगोरा बकरीचे केस अशा मिश्रणाच्या, कधी खळ देऊन ताठ केलेल्या जाड्याभरड्या कापडाला याच नावावरून ‘ग्रोग्रम’ म्हणत. एडवर्ड व्हर्नन नावाचा इंग्रज आरमाराचा सेनापती या कापडाचा झगा वापरायचा, म्हणून खलाशांनी त्याचं नाव ‘ओल्ड ग्रॉग’ पाडलं. १७४० मध्ये त्याने हुकूम काढला की खलाशांना रोजची रम पाणी घालूनच द्यायची. खलाशांनी त्या पाणचट दारूलाही ‘ग्रॉग’च म्हटलं आणि ती पिऊन झोकांड्या खाणाऱ्याला ‘ग्रॉगी’. कापडावरून माणूस, माणसावरून दारू आणि दारूवरून गुंगी, असा हा शब्दाचा प्रवास.

गंमत इथवरच. कारण या बोटभर रुंदीच्या पट्टीसाठी माणसांनी माग जाळले आहेत.

जुन्या मागावर एका वेळी एकच फीत विणली जायची. सोळाव्या शतकाच्या शेवटी शेवटी असा माग निघाला की त्यावर चार-सहा फिती एकदम विणता येत. पुढे तर त्याहूनही जास्त. आता, एक माणूस सहा जणांचं काम करू लागला तर बाकीच्या पाच जणांनी काय करायचं? हा प्रश्न आपल्याला कालपरवाचा वाटतो, पण युरोपात तो पहिल्यांदा मोठ्याने विचारला गेला त्या जागांपैकी एक म्हणजे हा रिबिनीचा माग. डान्झिग शहरात असा माग करणाऱ्या कारागिराला नगराध्यक्षाने गुपचूप मारून टाकलं, अशी एक गोष्ट सतराव्या शतकातल्या एका इटालियन धर्मगुरूने लिहून ठेवली आहे. गोष्ट ऐकीव म्हणून सोडून दिली तरी पुढचं ऐकीव नाही. हॉलंडमधल्या लायडनमध्ये या मागावरून दंगे झाले. १६७५ मध्ये लंडनच्या विणकरांनी असे माग रस्त्यावर ओढून काढले आणि जाळले. हॅम्बुर्गमध्ये तर नगरसभेच्याच हुकमाने हा माग चारचौघांत जाळला गेला. १६८५ मध्ये जर्मन सम्राटाने सगळ्या राज्यभर त्याच्यावर बंदी घातली.

बंदीने माग थांबला नाही. तो फ्रान्समध्ये सेंट एटिएनला गेला, स्वित्झर्लंडमध्ये बाझलच्या आसपासच्या खेड्यांत घराघरांत गेला आणि इंग्लंडमध्ये कोव्हेंट्रीला जाऊन स्थिरावला. आपली गोष्ट या कोव्हेंट्रीची आहे.

अठराव्या शतकात कोव्हेंट्री हे रेशमी रिबिनींचं गाव झालं. शहरातले पुरुष विणकर अनेक फितींचे मोठे माग चालवत. फोल्सहिल, बेडवर्थ, ननीटन या उत्तरेकडच्या खेड्यांत मात्र जुने एकफिती माग होते आणि त्यांवर बसणाऱ्यांत बायका पुष्कळ. रेशमाच्या लडी उलगडायच्या, कांड्या भरायच्या, तुटलेला धागा जोडायचा, ही कामंही बायकांची आणि पोरींचीच. शिकाऊ मुलींना अर्ध्या मजुरीवर ठेवायची पद्धत होती, म्हणजे काम पूर्ण आणि दाम निम्मा. जॉर्ज एलियट या टोपणनावाने लिहिणारी कादंबरीकार तरुणपणी या गावाजवळ राहिली होती. तिच्या ‘मिडलमार्च’ कादंबरीतला नगराध्यक्ष विणकरांच्या जिवावर श्रीमंत झालेला कारखानदार आहे, तो काही तिने हवेतून आणलेला नाही.

रिबिनीचा धंदा सगळा फॅशनच्या लहरीवर. नेपोलियनबरोबरची लढाई संपत आली तेव्हा, १८१३ ते १८१५ या काळात, काठाला मोठाले फासे असलेल्या रिबिनींची टूम निघाली आणि कोव्हेंट्रीत पैसाच पैसा झाला. टूम ओसरली तशी उपासमार आली. एखाद्या वर्षी रुंद रिबिनी हव्या असत, एखाद्या वर्षी अरुंद. कधी राजघराण्यात मृत्यू झाला की सगळं गाव दुखवट्याचा काळा रंग घाली आणि मागावर चढवलेला रंगीत माल पडून राही. लंडन-पॅरिसमधल्या बाईने आरशासमोर उभं राहून काय ठरवलं, त्यावर इथे कुणाची चूल पेटायची ते ठरत होतं. त्या बाईला याची गंधवार्ताही नव्हती.

१८३१ मध्ये जोसाया बेक नावाच्या कारखानदाराने वाफेच्या इंजिनावर चालणारे माग आणले. नोव्हेंबरमध्ये विणकरांच्या जमावाने त्याचा कारखाना जाळून टाकला. तिघांना फाशीची शिक्षा झाली, ती पुढे काळ्या पाण्यावर निभावली. तरी वाफ काही परत गेली नाही. मग कोव्हेंट्रीच्या लोकांनी एक तडजोड काढली, ती मला फार शहाणपणाची वाटते. विणकरांची घरं ओळीने बांधायची, वरच्या मजल्यावर मोठाल्या खिडक्या ठेवून माग मांडायचे आणि एकाच इंजिनाचा दांडा सगळ्या घरांच्या माळ्यांतून फिरवायचा. वाफेची ताकद घरात, पण घर सोडून कारखान्याच्या भोंग्याला बांधून घ्यायचं नाही. चूल, मूल आणि माग एकाच छपराखाली. जॉन आणि जोसेफ कॅश या भावांनी १८५७ मध्ये अशी शंभर घरं बांधायला घेतली. त्यांतली अठ्ठेचाळीसच पुरी झाली.

पुरी का झाली नाहीत? कारण १८६० साल आलं.

बाहेरदेशी रेशमी कापडावर इंग्लंडमध्ये १७६६ पासून बंदी होती. ती १८२६ मध्ये उठली, पण जकात राहिली. त्या जकातीच्या आडोशाला कोव्हेंट्री जगत होती. १८६० च्या जानेवारीत रिचर्ड कॉब्डेन याने फ्रान्सशी व्यापाराचा तह केला आणि फ्रेंच रेशमावरची जकात सरळ निघाली. सेंट एटिएनच्या सुबक आणि स्वस्त रिबिनी लंडनच्या दुकानांत येऊन पडल्या. त्याच उन्हाळ्यात कोव्हेंट्रीच्या मालकांनी मजुरीचे ठरलेले दर मोडले, विणकरांनी संप केला आणि तो फसला. हिवाळ्यात गावात लापशी वाटपाची केंद्रं उघडावी लागली. हजारो माणसं गाव सोडून गेली, कुणी लँकशरच्या सूतगिरण्यांत, कुणी समुद्रापलीकडे अमेरिकेत. एका पिढीत शहर फुगायचं तिथे १८६१ ते १८७१ या दहा वर्षांत कोव्हेंट्रीची लोकसंख्या चाळीस हजारांवरून खाली घसरली.

बेळगावात शहापूर, वडगाव, खासबाग या भागांतून मागांचा खडखडाट ऐकत वाढलेल्या बायकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. मागांचा आवाज बंद पडलेली गल्ली कशी वाटते हे त्यांना ठाऊक आहे.

कोव्हेंट्री मेली नाही. थॉमस स्टीव्हन्स नावाच्या विणकराने रिबिनीच्या मागावर रेशमी चित्रं विणायला घेतली, पुस्तकात खूण म्हणून ठेवायच्या पट्ट्या केल्या आणि शेकडो लोकांना काम दिलं. कॅश बंधू पुढे कपड्यांवर शिवायच्या विणलेल्या नावपट्ट्या करू लागले. गावात शिवणयंत्रांचा कारखाना निघाला, तो सायकलींकडे वळला आणि ज्या सायकलीने पुढे बायकांना एकटीने घराबाहेर पडायची वाट मोकळी करून दिली, ती सायकल याच गावात आकाराला आली. पण रिबिनीचे जुने दिवस काही परत आले नाहीत. तहाइतकंच त्याला आणखी एक कारण झालं. हॅटवर आता रिबीन नको होती. हॅटवर पिसं हवी होती.

आधी एखादं पीस. मग पिसांचा झुबका. मग पंख. मग अख्खा पक्षी, डोळ्यांच्या जागी काचेचे मणी बसवलेला. १८८६ मध्ये फ्रँक चॅपमन नावाच्या पक्षितज्ज्ञाने न्यूयॉर्कच्या बाजारपेठेतून दोन फेऱ्या मारल्या आणि बायकांच्या डोक्यांवरचे पक्षी मोजले. ७०० हॅट्स दिसल्या, त्यांतल्या ५४२ वर पिसं होती. सुमारे चाळीस जातींचे पक्षी त्याने त्या रस्त्यावर ओळखले.

सगळ्यांत जास्त मागणी होती बगळ्याच्या तुऱ्याला. विणीच्या दिवसांत बगळ्याच्या पाठीवर झिरझिरीत शुभ्र पिसं फुटतात, तोच हा तुरा. तो त्याच दिवसांत असतो, म्हणून शिकारी त्याच दिवसांत जात. घरट्यात पिल्लं असताना आई-बापांना मारत, पाठीची कातडी सोलून घेत आणि बाकीचं तिथेच टाकून देत. पिल्लं घरट्यात ओरडून ओरडून मरत. ही पिसं वजनाला सोन्याहून महाग विकली जात. याच हव्यासापायी अमेरिकेतल्या फ्लॉरिडातल्या बगळ्यांच्या वसाहतीच्या वसाहती ओस पडल्या. आपल्या देशातूनही पिसं जहाजांनी लंडनच्या लिलावात जात होती. १९०२ मध्ये हिंदुस्थान सरकारने पाखरांची पिसं आणि कातडी बाहेरदेशी पाठवायला बंदी घातली.

आता या गोष्टीचा मला सगळ्यांत जवळचा वाटणारा भाग येतो. हे थांबवायला पहिल्यांदा उठल्या त्या बायकाच. १८८९ मध्ये मँचेस्टरजवळ डिड्सबरीत एमिली विल्यमसन हिने आपल्या घरी काही बायका जमवल्या आणि एक मंडळ काढलं. त्याच सुमारास लंडनजवळ क्रॉयडनमध्ये एलायझा फिलिप्स आणि एटा लेमन यांचं असंच एक मंडळ चाललं होतं. पुढे दोन्ही एक झाली. सभासद बाईला एक वचन द्यावं लागे. खाण्यासाठी मारलेल्या पक्ष्याखेरीज दुसऱ्या कुठल्याही पक्ष्याचं पीस मी अंगावर घालणार नाही. शहामृगाला तेवढी सूट, कारण त्याचं पीस त्याला न मारता कापून घेता येतं. आपल्याला हे वचन अर्धवट वाटेल. खाण्यासाठी मारलेला पक्षी तरी का, असं आपण विचारणारच. पण ज्या समाजात कुणी हा प्रश्नच विचारत नव्हतं तिथे निम्म्या वाटेवर येऊन उभं राहणंही सोपं नव्हतं.

अमेरिकेत बोस्टनमध्ये १८९६ साली हॅरिएट हेमेनवे आणि मिना हॉल या दोघी बहिणींनी (सख्ख्या नव्हेत, नात्यातल्या) गावातल्या प्रतिष्ठित घरांची यादी समोर घेतली आणि एकेकीला चहाला बोलावलं. चहा पिता पिता बगळ्यांची हकीकत सांगायची. भाषण नाही, मोर्चा नाही. सुमारे ९०० बायकांनी पिसं सोडली. आणि मग प्रश्न आला की हॅटवर लावायचं काय? त्या मंडळांनी ‘पाखराविना हॅट’ची प्रदर्शनं भरवली. पिसाच्या जागी लेस, कापडी फुलं, मखमल आणि अर्थातच आपली कंगोऱ्यांची रिबीन. ताठ असल्यामुळे तिचा फुगीर बो हॅटवर पंखासारखा उभा राहतो! इंग्लंडच्या राणी अलेक्झांड्राने १९०६ मध्ये बगळ्याचा तुरा वापरणं सोडल्याचं जाहीर केलं. १९२१ मध्ये बाहेरदेशी पिसं आणण्यावर बंदी घालणारा कायदा इंग्लंडमध्ये झाला. दोन बैठकखोल्यांतून निघालेली गोष्ट कायद्यापर्यंत जायला बत्तीस वर्षं लागली.

इथे टाळ्या वाजवून उठता आलं असतं. पण गोष्ट इतकी सोपी नाही. पिसांचे व्यापारी तेव्हा विचारत होते की पिसं धुणाऱ्या, रंगवणाऱ्या, जोडणाऱ्या गरीब बायकांचं काय? प्रश्न स्वार्थापोटी विचारलेला होता, पण खोटा नव्हता. लंडन-न्यूयॉर्कच्या कोंदट खोल्यांत बसून पिसाच्या एकेका केसाला गाठ मारणाऱ्या हजारो बायका होत्या. कोव्हेंट्रीच्या बाईची चूल जशी विझली तशी यांचीही विझणार होती.

आणि रिबीन तरी कुठे निर्मळ होती? ती होती रेशमाची. किलोभर कच्च्या रेशमाला पाच हजारांवर कोश लागतात आणि धागा अखंड निघावा म्हणून आतला जीव बाहेर यायच्या आधी कोश उकळत्या पाण्यात टाकावे लागतात. बगळा डोळ्यांना दिसतो, त्याची पिल्लं ओरडतात, म्हणून त्याची दया आली. कोशातला किडा ओरडत नाही. आपल्याकडे कित्येक घरांत रेशीम वर्ज्य आहे. पूजेला धुतलेलं सुती वस्त्रच लागतं. तरी त्याच घरांतून लग्नाचा शालू मात्र बिनबोभाट येतो. मुनींच्या हातातली पिच्छी मोराने आपण होऊन टाकलेल्या पिसांची असते, हे आपण मुलांना कौतुकाने सांगतो. टाकलेलं पीस आणि उपटलेलं पीस यांतला फरक आपल्याला लहानपणापासून कळतो. रेशमाच्या बाबतीत तोच फरक विचारायला आपण कचरतो. हैदराबादच्या कुसुमा राजय्या यांनी पतंग कोश फोडून उडून गेल्यावर उरलेल्या कोशांतून सूत काढायची पद्धत बसवली आणि ‘अहिंसा रेशीम’ म्हणून तिचं पेटंट घेतलं. धागा अखंड राहत नाही, तो कातून घ्यावा लागतो, कापड जरा मंद दिसतं आणि महाग पडतं. ती किंमत द्यायची की नाही, हे ठरवणं पुन्हा आपल्याच हातात.

रिबिनीचं पुढे काय झालं तेही सांगते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोर्टोल्ड्स या कंपनीने लाकडाच्या लगद्यापासून कृत्रिम रेशीम काढायचा कारखाना घातला. कुठे, तर कोव्हेंट्रीच्या फोल्सहिलमध्ये, जिथे बायका एकफिती मागावर बसत त्याच गावात. किडा न मारता चमकदार धागा मिळाला. रेयॉनची रिबीन आली, स्वस्त झाली, शाळकरी मुलींच्या वेण्यांपर्यंत पोचली. पण हा धागा करताना कार्बन डायसल्फाइड नावाचं रसायन लागतं. त्याच्या वाफेने या धंद्यातल्या कितीतरी कामगारांचे मज्जातंतू दुखावले, काहींची तर मनंच भ्रमिष्ट झाली. किडा वाचला, माणूस होरपळला. आता दुकानात मिळणारी ग्रोग्रेन बहुतेक पॉलिएस्टरची असते. तिच्यात किडा नाही आणि ती वास मारणारी वाफही नाही, पण टाकून दिली तर आपल्या नातवंडांच्या नातवंडांपर्यंत ती कुजणार नाही.

मग काय, नटणं सोडून द्यायचं? ज्याने त्याने आपापल्या व्रताप्रमाणे ठरवावं. मला या चारशे वर्षांच्या हकीकतीतून एवढंच दिसतं की १८६० ची बाई आणि १८८९ ची बाई, दोघींनीही हॅटवर काय लावायचं तेच ठरवलं होतं. पहिलीला माहीत नव्हतं की तिच्या आवडीने कुठल्या गावाची चूल विझते. दुसरीने आधी माहीत करून घेतलं. फॅशन दोघींनी बदलली, पण विवेक दुसरीजवळ होता. आणि तो विवेक तिला कुणी आयता दिला नव्हता, शेजारणीला चहाला बोलावून, हकीकत सांगून, एकीने दुसरीला दिला होता.

आपल्याकडे बायकांच्या कापडाचोपडाच्या गप्पांना पुरुषमंडळी हसतात. हसोत बापडी. पुढच्या वेळी काठ, गोट, लेस, रिबीन निवडताना दुकानदाराला रंग पक्का आहे का हे विचारतोच आपण. जोडीला आणखी दोन प्रश्न विचारावेत, हे कशाचं आहे आणि हे कुणी विणलं? त्याला उत्तर येणार नाही कदाचित. पण दहा बायकांनी विचारलं की तोही पुढे घाऊकवाल्याला विचारायला लागतो.